थकबाकी पतीची, घर दोघांचे



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्या वकीलसाहेबांचे नाव या जिल्ह्यातील जुन्या पक्षकारांच्या तोंडी आजही आदराने येते ते मुख्यत्वे वसुलीचा तगादा लागलेल्या सामान्य कुटुंबांना त्यांनी दिलेल्या आधारामुळे, आणि म्हणून त्यांच्या स्मृतीस शोभेल असा विषय शोधण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही. पतीने फार वर्षांपूर्वी बुडविलेल्या, किंवा त्याच्या हातून नकळत भरावयाच्या राहून गेलेल्या करापायी सरकारी माणसे घरी जप्ती घेऊन येतात, त्या वेळी त्या घरात नांदणाऱ्या पत्नीचे कायद्यातील स्थान कोणते, आणि प्रत्यक्ष उंबरठ्यावर ते स्थान तिला लाभते की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे. पत्नीच्या थकबाकीपायी पतीवर असा प्रसंग येतो तेव्हाही तत्त्व तेच राहते. परंतु आपल्या समाजात घरातील दस्तऐवजांचे कपाट बहुधा पुरुषाच्या ताब्यात असल्यामुळे प्रसंगाचा खरा भार स्त्रीवर पडतो, म्हणून मी तिच्या बाजूने बोलणार आहे.

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे पाश्चात्त्य कायद्याबरोबर आला अशी समजूत पुष्कळांची असते, ती बरोबर नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणादान या प्रकरणी स्पष्ट सांगितले आहे की पतीने अथवा पुत्राने केलेले ऋण स्त्रीने फेडण्याचे कारण नाही, आणि तिच्यावर फेडीचे दायित्व येते ते तीनच प्रकारच्या ऋणांपुरते: जे तिने स्वमुखाने पत्करले, जे पतीसह मिळून केले, आणि जे तिने स्वतः केले. या नियमाच्या शेजारीच दुसरा एक नियम आहे, आणि तो आजच्या विषयाशी इतका निगडित आहे की त्याकडे आपल्या कायदेपंडितांचे लक्ष अधिक जावयास हवे होते. पित्याने मद्यपानासाठी वा द्यूतासाठी केलेले ऋण पुत्रावर येत नाही हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच यादीत दंडाची आणि शुल्काची राहिलेली बाकीही घातलेली असून शुल्क म्हणजे जकात असा तेथे अन्वय केला जातो. म्हणजे राजाला देणे असलेला कर हा त्या त्या माणसाचा व्यक्तिगत व्यवहार असून त्याची राहिलेली बाकी मुलाबाळांच्या माथी मारू नये, हा विचार या भूमीत रुजलेला होता. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकालात बसून विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि ती महाराष्ट्राच्या बहुतेक भागात वारसाहक्काचा प्रमाणग्रंथ म्हणून पुढे आठशे वर्षे चालली.

अर्थात त्या स्मृतीत स्त्रीधनाला अपवादही आहेत. दुष्काळात, धर्मकृत्यासाठी, आजारपणात, किंवा धनकोने पतीस अडकवून ठेवले असता त्याने पत्नीचे स्त्रीधन घेतले तर ते परत करण्याची सक्ती त्याच्यावर नाही असे तेथे म्हटले आहे. या चौथ्या प्रसंगाकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. वसुलीदाराने दार अडविले की घरातील दागिना बाहेर पडतो, ही गोष्ट स्मृतिकाराच्या नजरेतून सुटली नव्हती. त्याने परवानगी दिली ती पतीला, आणि तीही आपत्काल म्हणून. वसुलीदाराला स्वतः हात घालून तो दागिना उचलण्याचा अधिकार त्याने कोठेही दिलेला नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे जे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात सिद्ध केले, त्यांत या वचनांची आणि त्यांवरील टीकांची चिकित्सा आहे. ज्यांना संस्कृत ग्रंथांची गोडी आहे त्यांनी ती अवश्य पाहावी.

आता आजच्या कायद्याकडे येतो. जप्तीस येणाऱ्या सर्वांनाच लोक सरसकट बेलीफ म्हणतात. वस्तुतः बेलीफ हा दिवाणी न्यायालयात नाझराच्या हाताखाली काम करणारा इसम असून आयकराच्या थकबाकीसाठी येतो तो करवसुली अधिकाऱ्याचा माणूस, आणि विक्रीकरासारखी राज्याची बाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाची असेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली तहसील कचेरीची माणसे येतात. हा भेद केवळ नावापुरता नाही, कारण प्रत्येकाच्या अधिकाराची मर्यादा निराळी आहे, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच की हुकूम कोणाचा, कोणाच्या नावावर आणि किती रकमेचा. हा प्रश्न विचारणे म्हणजे सरकारी कामात अडथळा आणणे अशी एक भीती विशेषतः स्त्रियांच्या मनात बसलेली आढळते. ती भीती निराधार आहे. वॉरंटची नक्कल थकबाकीदाराला दाखवून आणि देऊनच पुढचे काम सुरू व्हावे अशी रीत खुद्द कायद्यानेच घालून दिली आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम प्रत्येक गृहिणीला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती आणता येत नाही, आणि धर्माचाराप्रमाणे जो अलंकार कोणत्याही स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही तोही या सवलतीत येतो. मंगळसूत्र त्यामुळे सुरक्षित आहे. त्याच संहितेचे ६२ वे कलम सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरण्यास मनाई करते, आणि घराचे बाहेरचे दार फोडण्याची मुभा देते ती घर खुद्द ऋणकोच्या ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल तेव्हाच. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टाने दिवाणी संहितेतील या सवलती मान्य केल्या, सूर्योदय-सूर्यास्ताची मर्यादाही पाळली, आणि जप्ती रकमेच्या मानाने अवाजवी असू नये असेही बजावले. परंतु दाराच्या बाबतीत ते परिशिष्ट अधिक कठोर आहे. जप्तीयोग्य जंगम मालमत्ता आत आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, आणि आपला अधिकार व दार फोडण्याचा इरादा आगाऊ कळवूनही प्रवेश मिळत नसेल, तर बाहेरचे दारही फोडण्याचा अधिकार वसुली करणाऱ्याला तेथे आहे. स्त्रियांना बाजूला होण्यास वाजवी संधी द्यावी एवढेच बंधन आहे. दार लावून घेतले की संकट टळते असा जो सल्ला शेजारीपाजारी देतात, तो आयकराच्या वसुलीत म्हणून धोक्याचा ठरतो.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख येथेच करतो. विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम सोने सरकार घेत नाही असे सर्वत्र बोलले जाते. या समजुतीचा उगम १९९४ च्या एका परिपत्रकात असून त्यात विवाहित स्त्रीसाठी ५००, अविवाहित स्त्रीसाठी २५० आणि पुरुषासाठी १०० ग्रॅम हे प्रमाण घालून दिले आहे. परंतु ते आयकराच्या झडतीपुरते, ज्याला आपण धाड म्हणतो त्या प्रसंगापुरते आहे. ठरलेल्या थकबाकीच्या वसुलीत त्या परिपत्रकावर विसंबून राहणाऱ्या बाईला ऐन वेळी आधार उरत नाही. तिचा खरा आधार निराळा आणि अधिक बळकट आहे, तो असा की सोने तिचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी यांच्या खटल्यात स्त्रीधनावर पत्नीची निरपवाद मालकी असून पतीच्या हाती ते असलेच तर केवळ विश्वासाने ठेवलेले असते असा निर्णय दिला. सरकारी देण्याला इतर साध्या धनकोंच्या आधी प्राधान्य मिळते हा नियम खरा असला तरी तो पतीच्या मालमत्तेच्या वाटणीचा नियम आहे. पत्नी ही त्या मालमत्तेवर हक्क सांगणारी धनको नसून स्वतःच्या वस्तूची मालक आहे, तेव्हा प्राधान्याचा प्रश्न तिच्या बाबतीत उद्भवतच नाही.

इतके सगळे स्पष्ट असताना अन्याय होतो तो कोठे? माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे तो पुराव्याच्या जागी होतो. आयकर अधिनियमाच्या त्याच परिशिष्टाच्या ११ व्या नियमान्वये त्रयस्थाने जप्त मालावर हक्क सांगितला तर वसुली अधिकाऱ्याने त्याची चौकशी करावयाची असते. मात्र जप्तीच्या तारखेस त्या वस्तूत आपला काही हितसंबंध होता किंवा ती आपल्या ताब्यात होती हे हक्क सांगणाऱ्यानेच सिद्ध करावयाचे, आणि हरकत मुद्दाम किंवा विनाकारण उशिरा घेतली असे अधिकाऱ्याला वाटले तर त्याने चौकशी करण्याचेही कारण नाही. चौकशीचा निकाल विरुद्ध गेला तर दिवाणी दावा लावता येतो, पण लिलाव होऊन गेलेल्या शिलाई यंत्रासाठी दावा लावण्याइतका पैसा कोणत्या शिवणकाम करणाऱ्या बाईजवळ असतो? त्याहून बोचणारी गोष्ट अशी की जप्त मालाची जी यादी तयार होते तिची नक्कल थकबाकीदाराला द्यावी असे नियम सांगतो. म्हणजे पती घर सोडून गेलेला असला, किंवा पतिपत्नींत बोलणे उरलेले नसले, तरी पत्नीची वस्तू कोणत्या शब्दांत लिहिली गेली हे कळण्याचा अधिकार त्याला, तिला नव्हे.

माझ्याकडे पूर्वी आलेल्या एका बाईंची हकिकत सांगतो. पतीचा छोटा व्यापार फार वर्षांपूर्वी बुडाला होता, त्या काळची कराची मागणी अपिलांत अडकून पडली होती, आणि बाई आपल्या शिलाईवर घर चालवीत होत्या. जप्तीच्या दिवशी यंत्र, कपाट आणि पितळेची मोठी भांडी यादीत घातली गेली. बाईंनी यंत्र आपले असल्याचे तोंडाने सांगितले, परंतु ते कोणी लिहून घेतले नाही, आणि पंच म्हणून सही करणारे दोघे शेजारी खाली मान घालून राहिले. पुढे यंत्राचा आणि भांड्यांचा निर्णय बाईंच्या बाजूने लागला तो दोन गोष्टींमुळे: बचत गटाच्या वहीत यंत्रासाठी त्यांनी स्वतःच्या नावे घेतलेल्या कर्जाची आणि हप्त्यांची नोंद होती, आणि भांड्यांवर त्यांच्या माहेरच्या माणसांची नावे व लग्नाची तारीख कोरलेली होती. नवे भांडे घेतले की त्यावर नाव घालण्याची आपल्याकडील चाल मी लहानपणापासून पाहत आलो होतो. ती चाल स्त्रीच्या मालकीचा इतका निर्विवाद पुरावा ठरू शकेल हे मात्र त्या दिवशी प्रथम उमगले.

त्या दृष्टीने १९८५ सालच्या एका नियमाचे महत्त्व फार मोठे आहे, आणि तो जवळजवळ विस्मृतीत गेला आहे याचा मला खेद होतो. हुंडा प्रतिबंध अधिनियमाखाली केलेल्या या नियमांनी विवाहप्रसंगी वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी वधूने स्वतःजवळ ठेवावी, तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे मूल्य, देणाऱ्याचे नाव व नाते लिहावे आणि वधूवर दोघांनीही तीवर सही करावी असे ठरविले आहे. खेड्यापाड्यांत लग्नाच्या याद्या पूर्वीही होत असत. परंतु त्या मानपानाच्या आणि देण्याघेण्याच्या. ही यादी निराळी आहे. अठरा-वीस वर्षांनी पतीच्या थकबाकीपायी घरात पंचनामा चालू असता, जिच्यावर खुद्द थकबाकीदाराची लग्नाच्या दिवसाची सही आहे असा कागद पत्नीने पुढे केला, तर तो मागाहून रचलेला आहे असे म्हणण्यास जागा राहणार नाही. लग्नाच्या छायाचित्रांवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या घरांनी हा एक कागद करून ठेवावा, एवढी कळकळीची विनंती मी येथे बसलेल्या आईबापांना करतो.

थकबाकी जुनी असते म्हणून ती सौम्य झालेली असते असेही नाही. आयकराच्या मागणीवर मुदत टळल्यापासून दरमहा १ टक्का सरळ व्याज चढत जाते, म्हणजे १ लाख रुपयांची बाकी १० वर्षांत २ लाख २० हजारांवर जाते, आणि मूळ मागणीची नोटीस जुन्या पत्त्यावर गेलेली असल्यास घरातल्यांना ही वाढ प्रथम जप्तीच्या दिवशीच कळते. हे व्याज भरणे खऱ्या हलाखीचे कारण होत असेल, चूक थकबाकीदाराच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे घडलेली असेल आणि त्याने चौकशीत सहकार्य केलेले असेल, तर ते कमी अथवा माफ करण्याचा अधिकार वरिष्ठांना आहे, हप्ते बांधून देण्याची तरतूदही आहे. अर्ज मात्र वेळेत, मूळ आकडा तपासून आणि लेखी केला पाहिजे.

पतीने पत्नीच्या नावे केलेल्या मिळकतीचा विषय अवघड आहे, आणि तेथे मला सरकारची बाजूही मान्य आहे. कर चुकविण्याच्या हेतूने घरदार बायकोच्या नावावर करून मोकळे होणारे लोक आहेत. त्यांच्यासाठीच आयकर अधिनियमाने असे ठरविले की १ जून १९७३ रोजी किंवा त्यानंतर पतीने पुरेसा मोबदला न घेता पत्नीकडे हस्तांतरित केलेली मालमत्ता वसुलीपुरती पतीचीच समजावी. मुद्रांक शुल्कात स्त्रियांना मिळणाऱ्या सवलतीसाठी पतीच्या पैशाने घर तिच्या नावे घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले, ते एका मोठ्या अन्यायाचे परिमार्जन होते आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे. अशा प्रामाणिक दानालाही कचेरीत तोच १९७३ नंतरच्या हस्तांतराचा संशय चिकटू नये म्हणून दानाच्या दिवशी पतीवर कोणतेही देणे नव्हते याचा कागद दानपत्राला जोडून ठेवणे शहाणपणाचे आहे. याच्या उलट, १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या अधिनियमाच्या ६ व्या कलमाखाली पतीने पत्नीच्या हितासाठी विमा उतरविला असेल तर तो न्यास समजला जातो आणि पतीच्या धनकोंचा त्यावर हात पोहोचत नाही. हे कलम १९२३ पासून आपल्या प्रांतातील हिंदूंनाही लागू झाले. विमा उतरविताना त्या अधिनियमाचा उल्लेख करण्यास लागणारी एक ओळ लिहावयाची मात्र बहुतेकांकडून राहून जाते.

विधवेच्या बाबतीत तर एक फारच सूक्ष्म सापळा आहे. आयकराच्या कायद्याप्रमाणे मृताच्या कायदेशीर वारसाचे दायित्व मृताची मालमत्ता जेवढी असेल तेवढ्यापुरतेच असते, तिच्या स्वतःच्या कमाईवर ते येत नाही. पण बाकी फिटण्यापूर्वी तिने त्या मालमत्तेतील काही विकले वा गहाण टाकले तर त्या किमतीपुरती ती व्यक्तिशः जबाबदार ठरते. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या अधिनियमात याहून कठीण गोष्ट आहे: पतीच्या पश्चात धंदा बंद केला तर जुनी बाकी त्याच्या मालमत्तेतून दिली जाते, परंतु तोच धंदा वारसाने पुढे चालविला तर ती बाकी त्या वारसावर येते. तेराव्यानंतर मुलांच्या पोटासाठी दुकानाची फळी उघडणाऱ्या बाईला कोणी हे सांगत नाही. दुकान उघडू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. उघडण्यापूर्वी पतीच्या नावावरील बाकीचा उतारा मागवावा, आणि तो हाती येईपर्यंत जुन्या नोंदणीवर एकही व्यवहार करू नये.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या लेकीसुनांसाठी दोन शब्द बोलणे अवश्य आहे, कारण तेथील तत्त्व आपल्याहून निराळे आहे. अमेरिकेत पतिपत्नींनी संयुक्त विवरणपत्र भरले की संपूर्ण कराला दोघेही एकत्र आणि पृथक् जबाबदार होतात, घटस्फोटानंतरही; निर्दोष जोडीदाराला त्यातून मुक्त करण्याची तरतूद १९९८ मध्ये विस्तृत करण्यात आली, पण सही करताना आकडे ठाऊक नव्हते हे तिला दाखवावे लागते. इंग्लंडमध्ये १९९३ पासून चालू असलेल्या कौन्सिल टॅक्सलाही एका घरात राहणारे दांपत्य असेच संयुक्तपणे बांधलेले असते. आपल्याकडे प्रत्येक व्यक्तीचे विवरणपत्र स्वतंत्र आहे, हे आपल्या पद्धतीचे मोठे बलस्थान मला वाटते, आणि संयुक्त आकारणीच्या सूचना अधूनमधून निघतात तेव्हा स्त्रियांच्या संघटनांनी ही बाजू मांडली पाहिजे.

मी मागतो ती सुधारणा लहान आहे. नवा आयकर अधिनियम २०२५ मध्ये संमत झाला, राज्याची महसूल संहिताही वेळोवेळी दुरुस्त होते; त्या निमित्ताने जप्तीच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवावा. घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, ती थकबाकीदार असो वा नसो, प्रत्येक वस्तूबाबत हक्क आहे काय असे विचारून तिचे उत्तर तिच्याच शब्दांत त्या रकान्यात लिहावे, यादीची नक्कल तिलाही जागच्या जागी द्यावी, आणि असे उत्तर लिहिले गेले की हरकत मुदतीत घेतली असे मानावे. शिवाय दागिने, भांडी आणि स्त्री ज्या साधनांवर स्वतः काम करते ती साधने यांच्या बाबतीत मालकी तिची आहे असे गृहीत धरून त्याविरुद्ध सिद्ध करण्याचा भार वसुली अधिकाऱ्यावर टाकावा. सरकारचा महसूल यामुळे बुडेल असे मला वाटत नाही, कारण जी बाकी घरातल्या भांड्यांवाचून फिटत नाही ती भांड्यांनीही फिटत नाही.

या रकान्याचा मसुदा मी तयार करून आणला असून त्याच्या प्रती व्याख्यानमालेच्या चालकांच्या स्वाधीन केल्या आहेत. तालुक्यातील वकील मंडळींनी तो तपासावा, बचत गटांच्या बैठकीत वाचून दाखवावा, आणि बदल सुचवून तो येत्या अधिवेशनापूर्वी आपल्या लोकप्रतिनिधींकडे पोहोचवावा. तोवर तो छापील नमुन्यात नसला तरी अडत नाही; जप्तीच्या वेळी कोणीही स्त्री साध्या कागदावर तोच मजकूर लिहून दोन प्रती करू शकते, एक अधिकाऱ्याच्या हाती देऊ शकते आणि दुसरीवर पोच मागू शकते. पोच नाकारली तर तोच कागद त्याच दिवशी स्पीड पोस्टने वसुली अधिकाऱ्याच्या नावे रवाना करावा आणि टपालाची पावती जपून ठेवावी.